शानिदारची फुले : एका निअँडरथल दफनाचा अर्थ कसा लावला गेला आणि कसा बदलला

पार्श्वभूमी

इराकी कुर्दिस्तानात झाग्रोस पर्वतरांगेत शानिदार नावाची एक प्रशस्त गुहा आहे. तोंड रुंद, आतवर उजेड पोचतो, खाली ग्रेट झाब नदीचे खोरे. विसाव्या शतकातही कुर्दी मेंढपाळ कुटुंबे हिवाळ्यात शेळ्यामेंढ्यांसह इथे मुक्काम करत. अमेरिकन पुरातत्त्वज्ञ राल्फ सोलेकी यांनी १९५१ ते १९६० या काळात चार हंगाम इथे उत्खनन केले आणि खंदक जवळजवळ १४ मीटर खोल नेला. त्या खोदकामातून पुरुष, स्त्रिया आणि मुले मिळून १० निअँडरथल (आपल्याशी जवळचे नाते असलेली, आता नामशेष झालेली मानवजात) माणसांचे अवशेष हाती आले. पश्चिम आशियातल्या एकाच ठिकाणी एवढी माणसे मिळणे ही फार मोठी गोष्ट होती.

तो काळ निअँडरथलांबद्दलच्या समजुती बदलण्याचा होता. फ्रान्समध्ये ला शापेल-ओ-सँ इथे १९०८ मध्ये मिळालेल्या सांगाड्यावरून फ्रेंच अभ्यासक मार्सेलँ बूल यांनी निअँडरथल माणूस वाकलेला, गुडघ्यांत मुडपलेला, अर्धवट प्राणी असा रंगवला होता. तो सांगाडा संधिवाताने वाकलेल्या म्हाताऱ्याचा आहे, हे १९५७ मध्ये फेरतपासणीत पुढे आले. शानिदारमधल्या पहिल्या माणसाने या बदलाला बळ दिले. डाव्या डोळ्याच्या खोबणीवर जबर मार बसलेला, उजवा हात वाळलेला आणि कोपरापासून पुढे नाहीसा झालेला, तरीही चाळिशीपार जगलेला. पुढे २०१७ मध्ये त्याच्या कानाच्या नळ्यांत वाढलेले हाड नोंदवले गेले, म्हणजे त्याला ऐकूही कमी येत असणार. असा माणूस बर्फाळ डोंगरात एकट्याच्या बळावर तगला नसता. कुणीतरी त्याला सांभाळले होते, असे सोलेकींना वाटले, आणि मलाही तसेच वाटते.

या वातावरणात शानिदार ४, म्हणजे या गुहेतला क्रमांक चारचा निअँडरथल, सापडला. ही नोंद त्याच्याबद्दल आहे.

नेमका पेच

१९६०च्या ऑगस्टमध्ये जमिनीच्या पातळीपासून सुमारे साडेसात मीटर खाली एका प्रौढ पुरुषाचा सांगाडा दिसू लागला. तो डाव्या कुशीवर, पाय पोटाशी घेतलेल्या अवस्थेत होता. हाडे इतकी ठिसूळ होती की जागेवर सुटी करणे धोक्याचे होते. म्हणून भोवतालच्या मातीसकट एक मोठा ठोकळा कापून, प्लास्टरने बांधून तो बगदादच्या संग्रहालयात पाठवायचे ठरले. ठोकळा कापताना खाली आणखी हाडे असल्याचे दिसले, पण किती आणि कुणाची हे कळायला मार्ग नव्हता.

सोलेकींनी सांगाड्याभोवतालच्या मातीचे काही नमुने घेऊन ठेवले होते. तेव्हा कुणाच्या मनात फुले नव्हती. उत्खननात परागकणांसाठी नमुने घेणे ही जुन्या हवामानाचा अंदाज बांधण्याची नेहमीची पद्धत. ते नमुने पॅरिसच्या परागतज्ज्ञ आर्लेट लरुआ-गुराँ यांच्याकडे गेले आणि निकाल १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. गुहेतले काम थांबून आठ वर्षे झाली होती.

लरुआ-गुराँ यांना सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसले ते गुहेच्या इतर मातीत सहसा दिसत नाही. वाऱ्याने आलेले परागकण सुटेसुटे पसरलेले असतात. इथे काही नमुन्यांत त्यांचे पुंजके होते, एकमेकांना चिकटून राहिलेले कण. काही ठिकाणी परागकोशाचाच आकार शाबूत आहे असे त्यांना वाटले. म्हणजे कण एकेकटे उडत आले नव्हते, फुलाचा भागच तिथे पोचला होता. वनस्पतीही ठळक होत्या : यॅरो, पिवळी काटेरी सेंटॉरिया, सेनेसिओ, निळ्या घोसांचे मस्कारी, गुलखेऱ्याच्या जातीतले एक झाड, आणि एफेड्रा. या झाडांच्या बहराचा काळ जुळवून त्यांनी निष्कर्ष काढला की मृतदेह मेअखेर ते जुलैच्या सुरुवातीदरम्यान केव्हातरी ठेवला गेला आणि त्याच्याभोवती फुले वाहिली गेली.

पेच इथे आहे. हाती होते मातीतले परागकणांचे पुंजके. त्यातून काढलेला अर्थ होता शोक, आदर, कदाचित परलोकाची कल्पना. या दोहोंच्या मधली वाट किती पायऱ्यांची आहे आणि त्यातल्या किती पायऱ्या खरोखर चढल्या गेल्या?

प्रतीकात्मक वर्तनाच्या अभ्यासात ही अडचण पदोपदी येते. प्रतीक म्हणजे एखाद्या वस्तूला किंवा कृतीला समूहाने ठरवून दिलेला अर्थ, आणि अर्थ जमिनीत टिकत नाही. टिकतो तो गेरूचा खडा, भोक पाडलेला शिंपला, कोरलेली रेघ, वळवून ठेवलेला देह. दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लॉम्बोस गुहेत गेरूच्या तुकड्यांवर जाळीसारख्या रेघा ओढलेल्या मिळाल्या, वय सुमारे ७५,००० वर्षे. तिथे निदान तीच आकृती वेगवेगळ्या तुकड्यांवर पुन्हा दिसते. शानिदार ४ च्या बाबतीत फुलांचा पुरावा एका माणसाभोवतालच्या मोजक्या नमुन्यांवर टेकलेला होता.

समोर असलेले पर्याय

१९६८ मध्ये पुंजक्यांचा खुलासा चार प्रकारे करता येत होता.

पहिला, वारा. लरुआ-गुराँ यांनी तो बाजूला सारला आणि ते योग्यच होते. वारा पुंजके आणून एका देहाभोवती ठेवत नाही. दुसरा, जनावरांच्या पायांना किंवा केसांना चिकटून आलेली फुले. हाही त्यांनी नाकारला, कारण इतक्या निरनिराळ्या जातींची फुले गुहेत इतक्या आत एकाच जागी जमणे त्यांना शक्य वाटले नाही. तिसरा, उत्खननाच्या वेळी आजची फुले मातीत मिसळणे. हा खुलासा नाकारायचा तर खंदकाच्या इतर भागांतून, देहापासून दूर, त्याच खोलीवरून घेतलेल्या पुरेशा नमुन्यांशी ताडून पाहायला हवे होते. चौथा पर्याय माणूस.

पर्याय एकेक करून खोडत गेल्यावर माणूस उरला, म्हणून माणूस. तर्क म्हणून यात गैर काही नाही, पण त्याची एक अट असते : यादी पुरी हवी. १९६८ मधली यादी पुरी नव्हती. जमिनीत बिळे करणारे प्राणी तिच्यात पुरेशा गांभीर्याने आले नव्हते. खरे तर उत्खननाच्या नोंदींत उंदीरवर्गीय प्राण्यांच्या बिळांचे उल्लेख होते, आणि देहाच्या आसपासचेही होते. कीटक तर कुणाच्या मनातच आले नव्हते.

आणखी एक पर्याय होता, ज्याची चर्चा फार कमी होते. पुंजके नोंदवायचे, त्यांचे वर्णन करायचे आणि अर्थ खुला ठेवायचा. 'मानवी कृती संभवते' एवढेच म्हणायचे आणि पुढच्या नमुन्यांची वाट पाहायची. तेव्हाच्या उत्साहात हा पर्याय कुणाला पटण्यासारखा नव्हता. पण तो अस्तित्वात होता आणि तो निवडला असता तर बराच वाद टळला असता.

काय केले गेले

सोलेकींनी फुलांचा अर्थ मनापासून स्वीकारला. १९७१ मध्ये आलेल्या त्यांच्या पुस्तकाच्या नावातच निअँडरथलांना पहिली 'फुलांची माणसे' म्हटले होते. व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात तरुण हातात फुले घेऊन रस्त्यावर आलेला तो काळ, त्यामुळे ते नाव लगेच लोकांच्या तोंडी बसले. १९७५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात दोघांचेही लेख आले. काही वनस्पती औषधी असल्याने शानिदार ४ हा जमातीतला वैद्य असावा, अशीही कल्पना पुढे आली. एफेड्रामुळे तर तिला आणखी रंग चढला, कारण त्याचे औषधी गुण मध्य आशियापासून चीनपर्यंत ठाऊक आहेत. पाठ्यपुस्तके, संग्रहालये, कादंबऱ्या, सगळीकडे 'फुले वाहिलेला निअँडरथल' शिरला.

दरम्यान बगदादमध्ये १९६२ साली अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेचे मानवशास्त्रज्ञ टी. डेल स्टुअर्ट यांनी तो ठोकळा उघडला होता. त्यात शानिदार ४ एकटा नव्हता. त्याच्याखाली आणखी दोन प्रौढ आणि एक तान्हे मूल होते. एकाच जागी चार जण.

ही गोष्ट मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची वाटते. मातीचे नमुने घेताना ठोकळ्यात चार माणसे आहेत हे ठाऊक नव्हते. निकाल आला तेव्हा ते ठाऊक होते, पण नमुन्यांची जागा चौघांच्या संदर्भात नव्याने बारकाईने ताडायची सोय उरली नव्हती, कारण ती माती आता खंदकात नव्हती. फुले असलीच तर कुणासाठी होती? वरच्या पुरुषासाठी, खालच्या माणसासाठी, की त्या मुलासाठी? या प्रश्नाचे उत्तर त्या नमुन्यांतून निघणे शक्य नव्हते. तरीही फुले शानिदार ४ चीच मानली गेली.

शंका हळूहळू जमू लागल्या. १९८९ मध्ये पुरातत्त्वज्ञ रॉबर्ट गार्गेट यांनी निअँडरथल दफनाच्या एकूणच पुराव्यावर कडक टीका केली. गुहेत छत कोसळते, पाणी गाळ आणते, देह आपोआप झाकले जातात. मग 'पुरले' असे म्हणण्याआधी या शक्यता का वगळल्या नाहीत, असा त्यांचा सवाल होता. शानिदारमध्ये छताचे दगड कोसळल्याच्या खुणा जागोजागी आहेत, त्यामुळे तो झोंबला. १९९९ मध्ये जेफ्री सॉमर यांनी पर्शियन जर्ड या उंदराकडे लक्ष वेधले. हा प्राणी बिळांत फुलांचे तुरे साठवतो आणि त्याची हाडे शानिदारच्या थरांत मिळतात. म्हणजे फुले गुहेत नेणारा एक पक्का वहिवाटदार तिथे होता.

सॉमर यांच्या मांडणीनंतर बरेच अभ्यासक 'फुलांचे दफन' मोडीत काढून मोकळे झाले. मला हेही घाईचे वाटते. उंदीर असू शकतो, यावरून उंदीरच होता असे ठरत नाही. एका अपुऱ्या पुराव्याला दुसरा अपुरा पुरावा भिडला होता आणि दोन्ही बाजूंच्या मध्ये नवी माती कुणाकडेच नव्हती.

ती मिळायला २०१४ उजाडले. कुर्दिस्तान प्रादेशिक सरकारच्या निमंत्रणावरून केंब्रिजच्या ग्रॅम बार्कर यांच्या नेतृत्वाखाली गुहा पुन्हा उघडण्यात आली. पहिला हंगाम आयसिसच्या चालीमुळे अर्ध्यावर सोडावा लागला आणि पुढच्या वर्षी काम पुन्हा सुरू झाले. सोलेकी तेव्हा हयात होते आणि त्यांचा या कामाला पाठिंबा होता. ते २०१९ मध्ये, वयाच्या १०१ व्या वर्षी वारले.

सुरुवातीचा हेतू नवे सांगाडे शोधण्याचा नव्हता. सोलेकींच्या खंदकाच्या उभ्या भिंती स्वच्छ करून थरांची वये ठरवायची, नमुने घ्यायचे, जुन्या नोंदी जागेवर पडताळायच्या. हे करत असताना जुन्या ठोकळ्याच्या जागेला लागून बरगड्या दिसल्या. २०१८ आणि २०१९ मध्ये त्यांच्यासह एका माणसाचा वरचा अर्धा भाग काढण्यात आला. कवटी दगडमातीच्या वजनाने चेपून जेमतेम २ सेंटिमीटर जाड उरली होती. या व्यक्तीला 'शानिदार झेड' असे नाव दिले गेले.

काढण्याची पद्धत सोलेकींच्या पद्धतीच्या अगदी उलट होती. एक मोठा ठोकळा कापण्याऐवजी हाडे आणि भोवतालची माती जागेवरच पातळ सरसासारख्या द्रावणाने घट्ट केली, लहान लहान तुकडे फॉइलमध्ये गुंडाळून सोडवले, प्रत्येक तुकड्याची जागा नोंदवली, आणि प्रयोगशाळेत आधी स्कॅन करून मगच ते उघडले. कवटीचे २०० हून अधिक तुकडे पुन्हा जोडावे लागले. ही व्यक्ती चाळिशीतली स्त्री असावी आणि तिचा काळ सुमारे ७५,००० वर्षांपूर्वीचा, असे आता सांगितले जाते.

मातीवरचे कामही वेगळे होते. परागकण वेगळे काढायचे तर माती तीव्र आम्लांत विरघळवावी लागते. परागकणाचे कवच आम्लाला दाद देत नाही, म्हणून ते शेवटी उरते. पण या रीतीत कण मातीत कुठे आणि कसा बसला होता ही माहिती नष्ट होते. त्याला पूरक म्हणून आता मातीचा अखंड तुकडा राळेत घट्ट करून त्याचे कागदासारखे पातळ काप घेतात. त्यात बीळ, पाण्याने आणलेला गाळ, माणसाच्या पायाखाली तुडवलेली जमीन, सगळे जागच्या जागी दिसते.

निष्पत्ती

२०२३ मध्ये लिव्हरपूल जॉन मूर्स विद्यापीठाचे ख्रिस हंट आणि सहकारी यांनी फुलांचा प्रश्न नव्याने मांडला. लरुआ-गुराँ यांच्या नोंदींकडे ते दोन अंगांनी गेले.

पहिले अंग पुंजक्यांचे. एका फुलाचा परागकोश गळून पडला तर पुंजका एकाच जातीचा असेल. काही पुंजक्यांत मात्र एकाहून अधिक वनस्पतींचे कण एकत्र होते. शिवाय यातल्या सगळ्या वनस्पती एकाच वेळी फुलतात असेही नाही. एका दफनाला एकाच दिवशी गोळा केलेली फुले ही कल्पना इथे अडखळते.

दुसरे अंग गुहेच्या जमिनीचे. शानिदारमध्ये जमिनीत घर करणाऱ्या एकलकोंड्या मधमाश्यांची बिळे आहेत, आजही आणि जुन्या थरांतही, त्या जागेच्या आसपास. अशी माशी फुलाफुलांवर हिंडून पराग पायांच्या केसांत भरते, बिळातल्या कप्प्यात त्याचा गोळा करून ठेवते आणि त्यावर अंडे घालते. त्या गोळ्यात ज्या ज्या फुलांवर ती गेली त्या सगळ्यांचे कण मिसळलेले असतात. सूक्ष्मदर्शकाखाली तो नेमका मिश्र पुंजकाच दिसेल.

मला हा खुलासा उंदराच्या खुलाशाहून सरस वाटतो, कारण तो मिश्र पुंजक्यांचे कारण देतो आणि त्याचा कर्ता त्याच जमिनीत सापडतो. याच अभ्यासात आणखी एक शक्यता मांडली गेली आहे : देहावर फांद्या किंवा काटेरी झुडपे घातली असावीत, म्हणजे तरसांसारखे प्राणी तो उकरणार नाहीत. सेंटॉरियाचे काटे आठवा. ही शक्यता सिद्ध झालेली नाही, पण ती वाचताना मी थांबलो, कारण तिच्यात माणूस परत येतो. अलंकार म्हणून वाहिलेले फूल जाते आणि देह राखण्यासाठी आणलेला काटा येतो. काळजी कशी दिसते याबद्दलची आपली कल्पनाच तिथे बदलते.

फुले गेली, तर मग काय उरले? उरले ते फुलांहून भक्कम आहे. शानिदार झेडचा डावा हात दुमडून डोक्याखाली आहे. डोक्यामागे एक दगड आहे, तो ठेवलेला असण्याची शक्यता आहे. देह ज्या खळग्यात आहे तो मुळात पाण्याने कोरलेला, पण नंतर मुद्दाम खोल केल्याच्या खुणा मातीच्या कापांत दिसतात. आणि हे सगळे शानिदार ४ आणि त्याच्याबरोबरच्या तिघांच्या अगदी लगत, गुहेतल्या एका उंच उभ्या खडकाशी. म्हणजे एकाच जागी निदान पाच देह, आणि ते एकाच वेळी ठेवलेले नाहीत. लोक त्या जागी परत परत येत होते. कुणीतरी ती जागा लक्षात ठेवली होती किंवा ती खडकामुळे लक्षात राहत होती. मृतांसाठी ठरलेली जागा हा प्रतीकाच्या दिशेने जाणारा पुरावा आहे आणि तो एका माणसाभोवतीच्या मोजक्या नमुन्यांवर टेकलेला नाही.

ही खूण १९६२ मध्ये बगदादच्या टेबलावर पडलेलीच होती. चार जण एका ठोकळ्यात होते. फुलांच्या चर्चेत त्या चौघांच्या एकत्र असण्याकडे जितके बघायला हवे होते तितके बघितले गेले नाही. या प्रकरणाने अभ्यासाचे नुकसान केले असेल तर ते इथे.

निर्णयाचे टप्पे आणि वेगळे काय करता आले असते

ठोकळा कापण्याच्या निर्णयावर मी टीका करणार नाही. हाडे भुसभुशीत होती, तेव्हाची रसायने आजच्यासारखी नव्हती आणि जागेवर हाडे सोडवायला बसले असते तर कदाचित काहीच हाती लागले नसते. मात्र ठोकळा बांधण्याआधी त्याच्या बाजूंचे, वरचे आणि खालचे अंतर मोजून नमुने घेता आले असते. देहापासून एक हात, दोन हात, खंदकाच्या पलीकडच्या भिंतीत, त्याच थरात. देहाजवळ पुंजके आणि दूर नाहीत, असे दिसले असते तर लरुआ-गुराँ यांचा तर्क फार मजबूत झाला असता. सगळीकडेच पुंजके दिसले असते तर प्रश्न १९६८ मध्येच मिटला असता. दोन्हीपैकी काहीही झाले असते तरी ज्ञान वाढले असते.

दुसरा टप्पा आठ वर्षांच्या अंतराचा. खोदणारा आणि परागकण पाहणारी व्यक्ती यांच्यात इतका काळ गेला की प्रयोगशाळेतून 'त्या कोपऱ्यातले आणखी दोन नमुने पाठवा' असे सांगण्याची सोयच राहिली नाही. आज बरेच प्रकल्प परागतज्ज्ञाला खंदकाच्या काठावर उभे करतात. शानिदारच्या नव्या कामातही हेच झाले. हंट आणि सहकाऱ्यांनी आजच्या गुहेत परागकण कसे येतात, कुठे साचतात, हे आधी तपासले आणि मग जुन्या पुंजक्यांकडे वळले. आधी आजचे नियम, मग कालचा अपवाद, हा क्रम १९६०च्या दशकातही शक्य होता. त्याला पैसे लागत नाहीत, धीर लागतो.

तिसरा टप्पा नावाचा. 'फुलांची माणसे' हे नाव एकदा बसले आणि पुढचा प्रत्येक अभ्यास त्या नावाच्या बाजूने किंवा विरुद्ध झाला. नाव देणाऱ्याचा हेतू स्वच्छ होता. निअँडरथलांना पशू समजणाऱ्या जगाला सोलेकी सांगू पाहत होते की ही आपल्यासारखी माणसे होती, आणि त्या बाबतीत पुढच्या पुराव्याने त्यांनाच दुजोरा दिला आहे. पण एका ठोस, तपासता येण्याजोग्या दाव्याला त्यांनी सबंध माणुसकीचे ओझे दिले. त्यामुळे परागकणांवरची साधी शंकाही निअँडरथलांच्या माणूसपणावरचा हल्ला वाटू लागली, आणि उलट बाजूला फुले खोटी ठरताच माणूसपणही खोटे ठरल्यासारखे लोक बोलू लागले. दोन्ही दावे वेगळे ठेवायला हवे होते.

या प्रकारची फसगत फक्त शानिदारची नाही. आपल्याकडे जळगाव जिल्ह्यात पाटणे इथे एस. ए. साळी यांच्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचा कोरीव तुकडा आणि मणी मिळाले, वय सुमारे २५,००० वर्षे. भारतात इतरत्र मिळालेल्या अशा कवचांच्या अनेक तुकड्यांवरही माणसाने कोरल्याचे सांगितले जात होते. नंतर ती सूक्ष्मदर्शकाखाली तपासली तेव्हा बहुतेकांवरच्या रेघा नैसर्गिक ठरल्या. पाटण्याचा तुकडा मात्र त्या तपासणीत टिकला, कारण त्यावरच्या आडव्या पट्ट्यांत रेघांची ठरावीक जाळी आहे. बाकीचे गळल्यामुळे पाटण्याचे मोल कमी झाले नाही, वाढले. शानिदारबाबत हेच झाले असे मी मानतो. फुले गळून गेली आणि चौघांच्या शेजारी पाचवी ठेवली गेली ही गोष्ट अधिक स्पष्ट दिसू लागली.

चौथा टप्पा अजून चालू आहे. त्या पाच देहांमध्ये वर्षांचे अंतर किती? काही दशके असेल तर ती एका कुटुंबाची किंवा टोळीची आठवण ठरते, आजीने नातवाला दाखवलेली जागा. हजारो वर्षे असेल तर खुलासा वेगळा लागेल, कदाचित त्या उभ्या खडकाचाच. रेडिओकार्बन (अवशेषांतल्या कार्बनवरून वय काढण्याची पद्धत) सुमारे ५०,००० वर्षांच्या पलीकडे उपयोगाचा नाही, आणि प्रकाशाधारित वयमापनातली (मातीच्या कणांवर शेवटचा उजेड कधी पडला ते मोजणारी पद्धत) त्रुटी हजारो वर्षांची असते, तेव्हा या प्रश्नाचे उत्तर वयांच्या आकड्यांतून यायची शक्यता कमी. ते आलेच तर एका देहावरची माती आणि त्यावर ठेवलेल्या देहाखालची माती यांच्यामध्ये साचलेल्या गाळाच्या पातळ थरांतून येईल. त्यासाठी तो गाळ न विस्कटता काढावा लागतो, आणि या वेळी तो तसा काढला गेला आहे.